इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चमध्ये एकाच उमराव घराण्याची इतकी थडगी का असतात? बघायचं झालं तर कुठलं चर्च बघावं?

बॉट्सफर्डचं बघा. नॉटिंगहॅमहून ग्रँथमकडे जाणाऱ्या लोकल गाडीत बसायचं, बॉट्सफर्डला उतरायचं आणि सुळक्याच्या दिशेने चालायला लागायचं. सेंट मेरी चर्चचा तो सुळका दोनशे फुटांहून उंच आहे आणि आजूबाजूचा मुलूख सपाट, त्यामुळे कुणाला पत्ता विचारावा लागत नाही.

तुम्ही लिहिलंय की नॉटिंगहॅमला मुलीकडे राहायला आला आहात, तिने एका खेड्यातलं जुनं चर्च दाखवलं आणि तिथे येशूपेक्षा एका जमीनदार घराण्याचेच पुतळे जास्त दिसले. हे घर देवाचं की जमीनदाराचं, असा तुमचा प्रश्न. मी याच भागात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी अशी चर्चं बघत हिंडायचा मला नाद आहे, म्हणून लिहितोय. लोक बसतात तो भाग गावाचा. पूर्वेकडचा, वेदीजवळचा जो भाग असतो, ज्याला चान्सेल म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी व्यवहारात जमीनदाराचाच होऊन बसला.

याचं एक कारण हक्काचं. गावचा पाद्री कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार अनेक गावांत तिथल्या जमीनदाराकडे असे. तो अधिकार जमिनीसारखाच वारशाने मिळे, विकतही घेता येई. पाद्री ज्याने नेमला, त्याला पुतळा कुठे बसवायचा हे कोण सांगणार! दुसरं कारण आठव्या हेन्रीचं. त्याच्याआधी मोठ्या घराण्यांचे लोक स्वतःच्या पैशांनी उभ्या केलेल्या मठांत पुरले जात. साधूंनी त्यांच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना करायची, असा तो करार. १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत हेन्रीने देशभरातले मठ बंद केले, जमिनी सरकारजमा केल्या आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या सरदारांनाच दिल्या किंवा विकल्या. आता पुरायचं कुठे? राहिलं गावचं चर्च. त्यातच नव्या, प्रॉटेस्टंट धर्ममताप्रमाणे मेलेल्यांसाठी प्रार्थना करणंही बंद झालं. मग थडग्याचं काम काय उरलं? कोण कुणाचा मुलगा, कुणाची बायको कुठल्या घरातली, पदवी कुणाकडून कुणाकडे आली, हे दगडात नोंदवून ठेवणं. म्हणून या थडग्यांकडे समाधी म्हणून बघू नका, सातबारा म्हणून बघा. कुणाचं नाव चढलं, कुणाचं उतरलं, मधे कुठली भानगड झाली, सगळं सापडतं.

मूर्तिभंजकांच्या धामधुमीत हे सगळं फुटलं कसं नाही, असंही तुमच्या मनात येईल. थोडंफार फुटलं. पण १५६० मध्ये पहिल्या एलिझाबेथने फर्मान काढलं की चर्चमधली घराण्यांची स्मारकं कुणी मोडायची नाहीत. संतांच्या मूर्ती गेल्या, सरदारांच्या राहिल्या.

तुम्ही मुंबईत फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल बघितलं असेल तर भिंतींवरचे संगमरवरी पुतळे आठवत असतील, गव्हर्नर जोनाथन डंकनचं स्मारक वगैरे. तो प्रकार वेगळा. तिथे कंपनीची माणसं आहेत, कोण कुठला, कोण कुठला. बॉट्सफर्डला एकच घराणं, सलग आठ पिढ्या म्हणता म्हणता आठ अर्ल. (पिढ्या खरं तर आठ नाहीत, कारण पदवी तीनदा भावाकडे आणि एकदा चुलतघराण्याकडे गेली. ते पुढे येईलच.)

हे घराणं मॅनर्स, पदवी अर्ल ऑफ रटलंड, आणि राहायला बॉट्सफर्डहून पाच-सहा किलोमीटरवरचा टेकडीवरचा किल्ला. त्याचं स्पेलिंग बघून 'बेल्व्हॉयर' म्हणाल तर लोक हसतील, उच्चार 'बीव्हर'. किल्ला मुळात मॅनर्सांचा नव्हता. नॉर्मन काळातल्या मालकांकडून तो लग्नसंबंधाने डी रॉस घराण्याकडे आला, डी रॉसांकडे पुरुष वारस उरला नाही तेव्हा मॅनर्सांकडे दिलेल्या त्यांच्या लेकीच्या वंशात आला. थॉमस मॅनर्सला १५२५ मध्ये हेन्रीने अर्ल केलं. थॉमसच्या आईची आई ही चौथ्या एडवर्ड राजाची सख्खी बहीण, म्हणजे राजाशी नातंही होतं.

मठ बंद झाले तेव्हा या थॉमसने जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. किल्ल्याखालच्या मठात आणि जवळच्या क्रॉक्स्टन मठात डी रॉसांची थडगी होती. मठ पाडले जात असताना त्याने त्यातली काही थडगी उचलून बॉट्सफर्डला आणून बसवली. १४१४ मध्ये वारलेला विल्यम डी रॉस, जो चौथ्या हेन्रीचा खजिनदार होता, आणि त्याचा मुलगा जॉन, जो १४२१ मध्ये फ्रान्समधल्या लढाईत पडला, हे दोघे चिलखत घालून आज तिथे आहेत ते त्यामुळे. भिंतीत एक लेख आहे तो आणखी जुना, १२८५ चा: रॉबर्ट डी रॉसचं काळीज इथे, धड यॉर्कशरमधल्या किर्कम मठात. त्या काळी बड्या माणसाचं शरीर असं वाटून पुरायची पद्धत होती, म्हणजे दोन-तीन मठांत प्रार्थना चालू राहतात. नव्या अर्लला या पूर्वजांची माया किती होती कोण जाणे, पण वडिलांच्या आईच्या माहेरचे इतके जुने कागद शेजारी मांडून ठेवल्यावर त्याच्या पदवीला कालची म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तो स्वतः १५४३ मध्ये वारला. चान्सेलच्या मधोमध बायकोशेजारी पहुडलेला आहे. दगड अ‍ॅलबास्टर, संगमरवरासारखा दिसणारा पण नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. याच भागात खाणी होत्या आणि बर्टन, नॉटिंगहॅमला त्याचे कारागीर होते. थॉमसचं थडगं बर्टनच्या रिचर्ड पार्करने घडवलं. नीट बघा, चौथऱ्याच्या बाजूंना मुलंबाळं कोरली आहेत. मूळ रंग केव्हाच उडाले. ही सगळी थडगी एके काळी चांगली भडक रंगवलेली असत, हे लक्षात ठेवून बघितलं तर चित्र बदलतं.

दुसऱ्या अर्लचं, हेन्रीचं (मृत्यू १५६३) थडगं तुम्हाला हसवेल. नवरा-बायको चक्क एका जाडजूड, कोरीव पायांच्या जेवणाच्या टेबलाखाली झोपले आहेत आणि मुलं टेबलावर गुडघे टेकून प्रार्थना करतायत. कारागिराच्या मनात छत्र वगैरे काही असेल, पण झालंय टेबलच. हे दोन ऐसपैस चौथरे मधोमध असल्यामुळे मागच्या बाकावरून वेदी धड दिसतसुद्धा नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

तिसरा एडवर्ड आणि चौथा जॉन हे भाऊ. एक १५८७ ला गेला, दुसरा वर्षाच्या आत १५८८ ला. दोघांची थडगी एकाच कारखान्यातली, लंडनच्या साउथवर्कमध्ये स्थायिक झालेल्या डच कारागिराच्या, गेरार्ट यानसेनच्या. तयार भाग जहाजाने बॉस्टन बंदरापर्यंत आणले (अमेरिकेतलं नव्हे, लिंकनशरमधलं) आणि तिथून गाड्यांवर घालून इथे. पाचवा रॉजर १६१२ मध्ये वारला. तो १६०१ मध्ये एसेक्सच्या अर्लने एलिझाबेथ राणीविरुद्ध केलेल्या बंडात सापडला होता, जबर दंड भरून सुटला. बायको कवी फिलिप सिडनीची मुलगी. पोर नाही. शेक्सपिअरची नाटकं खरं म्हणजे यानेच लिहिली, असं म्हणणारेही लोक विसाव्या शतकात निघाले. त्यात अर्थ नाही, पण स्ट्रॅटफर्डमधलं शेक्सपिअरचं स्मारक याच यानसेन घराण्याच्या नावावर आहे, एवढा धागा मात्र खरा.

आता सहावा. फ्रान्सिस मॅनर्स, मृत्यू १६३२. बॉट्सफर्डला जायचंच कशाला, तर या एका थडग्यासाठी.

ते इतकं उंच आहे की टोक छताला भिडायला आलंय. अर्ल मधे, आजूबाजूला दोन बायका. मॅनर्सांचं चिन्ह पिसारा फुलवलेला मोर, तो इथेही सापडेल. इंग्लंडच्या गारठ्यात आपला मोर दगडात बघून गंमत वाटते. जवळ दोन लहान मुलं गुडघे टेकून आहेत आणि हातात कवटी आहे. कवटी म्हणजे आईबापांच्या आधी गेलेलं मूल, ही तेव्हाची खूण. ही दोघं दुसऱ्या बायकोची, सिसिलीची. मग वर लेख वाचा. १६०८ च्या लग्नाचा उल्लेख येतो आणि पुढे लिहिलंय की तिच्यापासून त्याला दोन मुलगे झाले आणि दोघेही लहानपणीच दुष्ट कृत्यांनी आणि चेटकाने मेले.

चर्चमध्ये, वेदीच्या बाजूला, इंग्लंडच्या एका बड्या सरदाराच्या थडग्यावर असं लिहिलेलं सापडणं फार दुर्मीळ. आपल्या भाषेत सांगायचं तर, पोरांवर करणी झाली असं दगडावर कोरून ठेवलंय.

करणी कुणी केली? गावातली जोन फ्लॉवर आणि तिच्या दोन मुली, मार्गारेट आणि फिलिपा. तिघींना किल्ल्यावर काम मिळालं होतं. पुढे काही कुरबुरी झाल्या आणि मार्गारेटला काढलं. काढताना तिला ४० शिलिंग, एक लोड आणि लोकरीची एक गादी दिली, हे १६१९ मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तिकेत आहे. मला ही गादी फार बोलकी वाटते. कामावरून काढून टाकल्यावर मोलकरणीला दिलेली गादी छापील नोंदीत का यावी? मालकीणबाईंनी एवढं देऊनही ही माणसं उलटली, हे वाचणाऱ्याच्या मनावर ठसावं म्हणून.

थोरला मुलगा हेन्री १६१३ मध्ये गेला. फ्लॉवर मायलेकींना अटक झाली ती पाच वर्षांनी, १६१८ च्या अखेरीस. लिंकनच्या तुरुंगात नेताना वाटेत अँकास्टरला जोनने पाव-लोणी मागितलं, मी दोषी असेन तर हा घास माझ्या घशाखाली न उतरो असं म्हणाली आणि तिथेच मेली, अशी कथा आहे. ती सांगणारे तिला पकडून नेणाऱ्यांच्याच बाजूचे, हे विसरू नका. मुलींनी कबुलीजबाब दिले: हेन्रीचा हातमोजा चोरला, रटरकिन नावाच्या मांजरावर घासला, उकळत्या पाण्यात बुडवला, टोचला. मार्च १६१९ मध्ये दोघींना लिंकनला फाशी दिलं.

धाकटा फ्रान्सिस तेव्हा जिवंत होता. तो १६२० मध्ये गेला. म्हणजे ज्यांनी चेटूक केलं म्हणून फाशी दिली, त्यांच्यानंतर वर्षभराने. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं. तरी थडग्यावर दोन्ही मृत्यू एकाच वाक्यात, एकाच कारणाने. खाली उभं राहून ते वाक्य वाचताना मी दर वेळी या तारखांशी अडतो.

अर्लला पहिल्या बायकोपासून एक मुलगी होती, कॅथरीन. भाऊ गेल्यावर मोठी वारस तीच. १६२० मध्येच तिचं लग्न राजा जेम्सच्या खास मर्जीतल्या बकिंगहॅमशी झालं. त्यामुळे मुलांच्या मृत्यूत बकिंगहॅमचा हात असावा असा तर्क अलीकडे कुणी कुणी मांडतात. पुरावा नाही. आणि त्याची गरजही नाही; त्या काळी श्रीमंतांच्या घरातलीसुद्धा कितीतरी मुलं आजारपणात जात. जेम्स राजाला चेटकाचा विषय जवळचा होता आणि तो बीव्हरला पाहुणाही असे, हे मात्र खटल्याच्या हवेला पुरेसं होतं.

पुढचं भराभर सांगतो. पदवी सातव्याकडे, जॉर्जकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे. तोही निपुत्रिक, १६४१ ला गेला. मग हॅडन हॉलकडचे चुलत मॅनर्स आले, त्यांचा जॉन हा आठवा, मृत्यू १६७९. या दोघांची स्मारकं शिल्पकार ग्रिनलिंग गिबन्सची, १६८० च्या दशकातली. इंग्रज उमराव रोमन पोशाख घालून उभे आहेत. झोपलेले चिलखतवाले बघून झाल्यावर हे नाटकी वाटतात. मला आवडत नाहीत, तुम्ही बघून ठरवा. नववा १७०३ मध्ये ड्यूक झाला, आणि १८२५ मध्ये पाचव्या ड्यूकची बायको वारल्यावर त्याने किल्ल्याच्याच आवारात वेगळी समाधी बांधली. चर्च कसंबसं सुटलं.

जाताना छोटी दुर्बीण किंवा चांगला झूम असलेला फोन न्या, सहाव्याचा लेख उंचावर आहे. चर्च उघडं असण्याच्या वेळा आणि परतीची गाडी दोन्ही आधी बघून ठेवा. बीव्हर किल्लाही बघायचा असेल तर वेगळा दिवस काढा, तिकीट आहे. पण जोन फ्लॉवरचा किल्ला म्हणून बघायला जाऊ नका. तो यादवी युद्धानंतर १६४९ मध्ये पाडला. आज दिसतो तो १८०१ पासून पुढे बांधलेला.