आधी डायरी वाच, मग मालिका बघ

उर्दू प्रेमकथांकडे वळते आहेस तर सुरुवात ‘ज़िंदगी गुलज़ार है’पासून कर. उमेरा अहमद यांची कादंबरी म्हणजे कशफ आणि जारून यांच्या आलटूनपालटून येणाऱ्या डायऱ्या. एकच भांडण दोघांच्या शब्दांत वाचताना चूक कुणाची हे ठरवता येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. सुलताना सिद्दिकींनी २०१२मध्ये पाकिस्तानच्या हम टीव्ही वाहिनीसाठी तिच्यावर मालिका केली, तेव्हा या डायऱ्या टाकून दिल्या नाहीत. कशफ वहीत लिहिते आणि तिचा आवाज आपल्याला ऐकू येतो. म्हणून आधी पुस्तकच वाच. उर्दू लिपी येत नसेल तर शिकून घे, पण तोवर थांबू नको, मालिका ऐकत राहा. हिंदी कानावर असल्याने बरंचसं कळेल. ‘खफा’, ‘लिहाज’, ‘खुद्दार’ असे शब्द वहीत टिपून ठेव.

पुढे फरहत इश्तियाक यांची ‘हमसफर’ ही कादंबरी घे. तिच्यावरच्या मालिकेच्या शीर्षकगीताची गझल कवी नसीर तुराबींची. ती प्रेमाच्या विरहाची वाटते, पण लिहिली गेली १९७१मध्ये पूर्व पाकिस्तान तुटून ढाका हातचं गेलं त्या दुःखातून. हे कळल्यावर मी ती पुन्हा ऐकली आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

मालिकांतले सासू-सुनेच्या कारस्थानांचे भाग मात्र खुशाल न बघता पुढे पळव.