बिनपगारी विश्वस्त : मानद, मानसेवी की स्वयंसेवक?

प्रश्न असा आला आहे : "माझ्या मावशीची अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या बोर्ड ऑफ ट्रस्टीजवर निवड झाली. पद बिनपगारी आहे. तिचा मराठीत परिचय लिहायचा आहे. 'मानद विश्वस्ता' म्हणू, 'स्वयंसेवक विश्वस्त' म्हणू, की आणखी काही?"

आधी उत्तर, मग कीस. 'त्या विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर विनावेतन काम पाहतात' असं लिहा. तुम्ही सुचवलेले दोन्ही शब्द मी टाळीन.

'स्वयंसेवक' व्युत्पत्तीने चोख आहे, स्वतःहून सेवा करणारा. पण हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे येतो तो छातीला बिल्ला लावून खुर्च्या मांडणारा, गर्दीला वाट करून देणारा कार्यकर्ता. त्याच्या कष्टांना तोड नाही, पण त्याच्या हाती निर्णय नसतो. विश्वस्तांच्या हाती नेमका तोच असतो. विद्यापीठाचा प्रमुख नेमायचा, वेळ आली तर त्याला घरी पाठवायचं, अंदाजपत्रक मंजूर करायचं, देणग्यांतून साठलेल्या निधीवर नजर ठेवायची. 'स्वयंसेवक विश्वस्त' वाचून यातलं काहीच मनात येत नाही.

'मानद'ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. संस्कृतात मानद म्हणजे मान देणारा. आपण तो मान मिळालेल्यासाठी वापरतो. तेही चाललं असतं, पण मराठीत त्याला दोन अर्थ चिकटले आहेत. 'मानद सचिव' म्हणजे पगार न घेता राबणारा सचिव. 'मानद डॉक्टरेट' म्हणजे प्रबंध न लिहिता सन्मान म्हणून मिळालेली पदवी. पहिल्यात काम आहे, दाम नाही. दुसऱ्यात कामच नाही. विद्यापीठ आणि मानद हे शब्द शेजारी आले की वाचक हटकून दुसऱ्या अर्थाकडे वळतो. मावशींना नाव आणि शाल मिळाली, मत मात्र नाही, असं त्याला वाटणार. प्रत्यक्षात त्यांना मत आहे आणि जबाबदारीही. लेखापरीक्षकाचा अहवाल न वाचता हात वर केला आणि उद्या घोळ निघाला, तर 'मी तर बिनपगारी' असं म्हणून सुटका होत नाही.

उरले 'अवैतनिक', 'मानसेवी' आणि 'विनामोबदला'. मानसेवी मला ऐकायला आवडतो, पण मानसेवी माणसं बरेचदा मानधन घेतात, आणि मानधन म्हणजे वेतन न म्हणता दिलेलं वेतन. विनामोबदला म्हटलं की एक पैसाही नाही. अवैतनिक किंवा विनावेतन यांत पगार नाही एवढंच ठरतं. प्रवासखर्च किंवा बैठक भत्ता मिळत असेल तरी वाक्य खोटं पडत नाही. म्हणून माझी पसंती यांना.

आता क्रियापद. 'विश्वस्त म्हणून सेवा देतात' हे इंग्रजीवरून उचललेलं आहे. मराठीत माणूस समितीवर असतो, मंडळावर निवडून जातो आणि तिथे 'काम पाहतो'. हा वाक्प्रचार इथे विशेष शोभतो, कारण विश्वस्ताने विद्यापीठ चालवायचं नसतं. ते नीट चाललंय ना, हे पाहायचं असतं.

'विश्वस्त' लिहिताना दोन खड्डे टाळा. फलकांवर सर्रास 'विश्वस्थ मंडळ' दिसतं. मध्यस्थ, तटस्थ, गृहस्थ यांतला 'स्थ' राहणं, असणं या अर्थाचा आहे. विश्वस्त मात्र आश्वस्तचा सख्खा भाऊ, दोघेही श्वस् धातूपासून आलेले. 'विश्वस्थ' म्हणजे फार तर विश्वात असलेला, आणि तसे आपण सगळेच आहोत. दुसरा खड्डा 'विश्वस्ता'. स्त्रीलिंगी रूप करायची हौस समजते, पण अमरकोशात विश्वस्ता हा विधवेसाठी दिलेला शब्द आहे. मराठीत 'त्या विश्वस्त आहेत' एवढं पुरतं, 'त्या सदस्य आहेत'सारखंच.

मंडळाच्या नावाबद्दल थोडक्यात. 'नियामक मंडळ' चालेल. 'संचालक मंडळ' म्हटलं की कंपनी किंवा बँक आठवते, आणि 'प्रशासक मंडळ' तर निवडलेलं मंडळ बरखास्त झाल्यावर येतं. 'संस्थाचालक' चुकूनही नको. आपल्याकडे त्या शब्दाला मालकीचा वास लागला आहे आणि विश्वस्त म्हणजे नेमका मालक नसलेला. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत विश्वस्त मंडळ नसतंच. २०१६च्या कायद्यात अधिसभा आणि व्यवस्थापन परिषद आहेत. म्हणून तिकडच्या मंडळाला 'व्यवस्थापन परिषद' म्हणायचा मोह होईल, पण दोन्हींची रचना आणि अधिकार वेगळे आहेत.

अमेरिकेतही सगळीकडे ट्रस्टीज नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं मंडळ रीजंट्सचं, व्हर्जिनिया विद्यापीठाचं व्हिजिटर्सचं. हार्वर्डच्या १६५०च्या सनदेने जे मंडळ स्थापलं, त्याचे सदस्य फेलो. यांची शब्दशः भाषांतरं केली तर राजप्रतिनिधी, पाहुणे आणि अधिछात्र असा मेळावा भरेल. अशा वेळी मूळ नाव देवनागरीत ठेवावं आणि पुढे 'म्हणजे नियामक मंडळ' असं जोडावं.

एक अडचण परिचय लिहिताना हमखास येईल. तिथल्या विद्यापीठाचा प्रमुख प्रेसिडेंट, आणि मंडळाच्या बैठकीत खुर्चीवर बसतो तो चेअर. मराठीत दोघेही 'अध्यक्ष' होतात. 'मंडळाच्या अध्यक्षांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांना राजीनामा देण्यास सांगितले' हे वाक्य दोनदा वाचावं लागतं. मी 'अध्यक्ष' मंडळासाठी राखतो आणि विद्यापीठाच्या बाबतीत 'प्रमुख' लिहितो. 'कुलगुरू' कामाने बराच जवळचा आहे, पण त्याच्यामागोमाग 'मग कुलपती कोण?' हा प्रश्न येतो. त्यात मराठीतला कुलपती आणि हिंदीतला कुलपति एक नव्हेत. हिंदीत पूर्वापार कुलपति म्हणतात तो आपला कुलगुरू, आणि आपल्या कुलपतींना तिथे कुलाधिपति. परिचय हिंदीतही छापायचा असेल तर तो निव्वळ विभक्ती बदलून तयार करू नका.