रेक चुकला म्हणून डबा रस्त्याने काढला, आता एसबी००६ : तुमच्या पोस्टला उत्तर

तुमची गोष्ट अशी: सुताचा चाळीस फुटी डबा (कंटेनर) नागपूरच्या ड्राय पोर्टवर (समुद्रापासून दूरच्या कस्टम्स डेपोत) तीन दिवस पडून, रेक (कंटेनरची मालगाडी) लागेना, म्हणून ट्रेलर करून न्हावा शेव्याला पळवला. जहाज मिळालं, पण दोन महिने झाले तरी निर्यातीवर भरलेल्या आयजीएसटीचा परतावा नाही, आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) एसबी००६ ही एरर. तुमची पोस्ट वाचताना आमचीच जुनी फाईल कुणीतरी उघडून ठेवलीय असं वाटलं. एलईओ (कस्टम्सची निर्यातीची परवानगी), सील, व्हीजीएम (भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन) हे तुम्हाला माहीत आहेच, त्यात जात नाही.

एसबी००६ म्हणजे गेटवे ईजीएम (जहाजातून गेलेल्या मालाची बंदरात कस्टम्सकडे भरलेली यादी) सापडत नाही. 'सापडत नाही' यावर जोर द्या, कारण बहुतेक वेळा लाइनने (जहाज कंपनीने) ते भरलेलं असतं. ड्राय पोर्टवरून डबा रेल्वेने निघाला तर ट्रेन समरी (कुठले डबे निघाले याची कस्टम्समधली नोंद) होते, रस्त्याने निघाला तर ट्रक समरी. जहाज सुटलं की लाइन बंदरातून गेटवे ईजीएम भरते. शिपिंग बिलाचा (निर्यातीच्या कस्टम्स अर्जाचा) नंबर आणि तारीख, डबा नंबर, नग, बंदराचा कोड, असं सगळं दोन्हीकडे जुळलं तरच परताव्याची गाडी पुढे सरकते. ऐनवेळी साधन बदललं की घोळ इथेच होतो: डबा ट्रेलरवर चढतो, पण समरी ट्रेनचीच राहते किंवा कुणीच भरत नाही. ड्राय पोर्टवाल्याला वाटतं सीएचए (कस्टम्सची कामं करणारा एजंट) बघेल, सीएचएला वाटतं लाइन बघेल.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात करणं. आधी बंदराच्या मागे लागू नका. पहिल्यांदा ड्राय पोर्टवर ट्रक समरी आहे का, तिच्यात ट्रेलर नंबर आणि डबा नंबर बरोबर आहेत का, हे छापील प्रत हातात घेऊन बघा. डबा नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा तपासणी आकडा गाळलेला किंवा चुकलेला आम्ही पाहिलाय. तिथली दुरुस्ती झाली की मग लाइनकडून सप्लिमेंटरी (पुरवणी) ईजीएम भरून घ्या. सोबत शिपिंग बिल, बीएल (लाइनची मालाची पावती), टर्मिनलची गेट-इन स्लिप आणि दुरुस्त समरी जोडा. आधी बंदर आणि मग समरी असं केलंत तर तीच एरर पुन्हा येते आणि लाइन दुसऱ्यांदा फाईल करायला तोंड वाकडं करते.

एका कार्यालयाचं (नाव घेत नाही) ठरलेलं उत्तर होतं, 'आमच्याकडून सगळं गेलंय, पोर्टला विचारा.' पोर्टवाले म्हणायचे, 'मागूनच आलेलं नाही.' दोन्ही उत्तरं तोंडी. यावर उपाय एकच: एकच ईमेल, दोन्ही कार्यालयं आणि लाइन सीसीत, विषयात शिपिंग बिल नंबर, खाली स्क्रीनशॉट. काउंटरवर हेलपाटे घालून काही होत नाही, हे माझं ठाम मत. (मी सीएचए नाही. नियम आणि स्क्रीन बदलत असतात, तुमच्या माणसाकडून खात्री करून घ्या.)

पुढच्या वेळेसाठी. जहाजाची तारीख बघून नियोजन करू नका, टर्मिनलचा गेट कटऑफ (डबा आत घ्यायची शेवटची वेळ) धरा आणि तिथून मागे या. नागपूरहून ट्रेलरला दोन दिवस, बंदराच्या रांगेला अर्धा, साधन बदलण्याच्या कागदाला एक. म्हणजे कटऑफच्या साडेतीन दिवस आधी 'रेल्वे की रस्ता' हे ठरलेलं हवं. समृद्धी महामार्ग आता आमण्यापर्यंत (भिवंडीजवळ) ७०१ किलोमीटर झाली म्हणून लोक एक दिवस धरतात. आमण्यापासून पुढे उरणपर्यंतचा (बंदर तिथे आहे) वेळ धरायला विसरतात.

यार्डात 'रेक कधी आहे?' असं विचारू नका, 'उद्या' हेच उत्तर मिळेल. किती डबे जमलेत ते विचारा. पूर्ण रेक ४५ वॅगनचा, म्हणजे वीस फुटी हिशोबाने ९० डबे. साठावर अडकला असेल तर उद्या सुटायची शक्यता कमी. त्यातले किती कुठल्या टर्मिनलचे हेही विचारा. न्हावा शेव्यात पाच कंटेनर टर्मिनलं आहेत. मिसळ रेकमधला तुमचा डबा भलत्याच टर्मिनलला उतरला तर आत-आत हलवण्यात कटऑफ जातो. जहाजाचं टर्मिनल लाइन ऐनवेळी बदलू शकते, त्यामुळे ट्रेलर सोडण्याआधी फॉर्म १३ वरचं (डबा टर्मिनलात नेण्याच्या कागदावरचं) टर्मिनल आणि त्या दिवशीचा बर्थ (जहाज लागायची जागा) एकदा ताडून बघा.

आणखी एक. वीस फुटी जड माल (तांदूळ वगैरे) असेल तर वॅगनवर दोन डबे जातात, रस्त्यावर प्रत्येकी एक ट्रेलर लागतो. रस्त्याचा पर्याय स्वस्त वाटतो तो हा हिशोब न केल्यामुळे.

ई-वे बिल कारखान्यापासून ड्राय पोर्टपर्यंत लागतं. पुढे कस्टम्सच्या सीलखाली जाणाऱ्या मालाला सूट आहे. पण रस्त्यात अडवणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून एलईओ झालेलं शिपिंग बिल आणि सील नंबर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवा. पुढचा माल एलयूटीवर (हमीपत्र देऊन, आयजीएसटी न भरता) काढलात तर आयजीएसटी अडकायचा प्रश्नच नाही, पण ड्रॉबॅक (कस्टम्स शुल्काची परतफेड) घेत असाल तर त्यालाही ईजीएम लागतोच. समरी तेव्हाही बघावीच लागेल.