गच्ची की अंगण?

प्रश्न : नागपुरात स्वतःचं घर आहे. आठ इंची (आठ इंच व्यासाच्या आरशाची) दुर्बीण कायमची गच्चीवर बसवावी की मागच्या अंगणात?

उत्तर : अंगणातच बसवा. मी आधी गच्चीवर मांडली होती. मे महिन्यात आपल्याकडचा स्लॅब रात्री अकरालाही तळपायाला चटका देतो. त्या गरम हवेत गुरूचे पट्टे नुसते थरथरायचे. जिन्यात कुणी चाललं, की चित्र हललंच!

अंगणात सिमेंटचा खांब घ्या, पण भोवतीच्या फरशीपासून बोटभर सुटा. मग पावलांचा हादरा पोचत नाही. विषुववृत्तीय बैठक (एका अक्षावर फिरून ताऱ्याचा माग ठेवणारी) असेल तर तो अक्ष ध्रुवताऱ्याकडे, क्षितिजापासून 21 अंशांवर. नागपूरचा अक्षांश तोच. वर चाकांवर सरकणारं पत्र्याचं छप्पर, पांढरं रंगवलेलं. तासभर आधी उघडा, आरसा निवू द्या. पावसाळ्यात मात्र दुर्बीण घरात कोरड्या जागी ठेवा, आरशाला बुरशी धरते.