बाबांनी गोळी बंद केलीय, डॉक्टरांना कसं सांगू?

प्रश्न : बाबा ६२ वर्षांचे. मधुमेहासाठी सात वर्षं मेटफॉर्मिन घेतात. ‘या गोळीने किडनी जाते’ असा व्हिडिओ पाहून त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी ती परस्पर बंद केली. डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाहीत.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, उद्या सकाळी बाबांची उपाशीपोटी साखर बघा आणि याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या.

मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही. वाढलेल्या साखरेने होते. मात्र किडनी आधीच अधू असेल तर डोस कमी करतात, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा) ३०च्या खाली गेल्यास गोळी थांबवतात. त्यामुळे बाबांची शंका विचारण्यासारखीच आहे. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीसाठीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट समोर ठेवून विचारा. या गोळीने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. पायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा.

माझ्याकडे एक आजी यायच्या. एकदा नातवाने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर प्रश्न लिहून दिले होते. तिसरा होता, ‘रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर?’ आजी रात्री जेवतच नव्हत्या, नुसतं कपभर दूध! पहाटे दरदरून घाम फुटायचा तो साखर उतरल्याने. दोन वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं. त्या दिवशी आजींना विचारून, त्यांच्या दिनक्रमाला सोसेल अशी गोळी आम्ही ठरवली.

तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. आणि बोलू द्या बाबांनाच.