सांभाळणारीच आजारी पडली तर?

लंडनमधील हॅरोहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे: “सासूबाई 81 वर्षांच्या आहेत आणि त्यांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची औषधे, आंघोळ, जेवणखाण, डॉक्टरांच्या भेटी हे सगळे मीच पाहते. यजमानांची नोकरी फिरतीची आहे. मध्यंतरी पित्ताशयाच्या दुखण्यामुळे मला रात्री रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा घरात सासूबाईंजवळ केवळ 14 वर्षांचा मुलगा होता. आता डॉक्टर शस्त्रक्रिया करायला सांगत आहेत. ती पुढे ढकलावी का?”

शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. तारीख ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेची तयारी करता येते, मध्यरात्री उठणाऱ्या कळेची येत नाही. तुमची खरी अडचण अशी आहे की सासूबाईंच्या दिनक्रमाची सगळी माहिती फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि तुम्ही भूल घेऊन पडलेल्या असताना ती कुणालाही विचारता येणार नाही.

सर्वप्रथम तुमच्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या, प्रौढ समाजसेवा विभागाला फोन करून ‘केअरर्स असेसमेंट’ (काळजीवाहूच्या स्वतःच्या गरजांची पाहणी) मागावी. इंग्लंडमध्ये 2014 च्या केअर ॲक्टनुसार, काळजीवाहू व्यक्तीला मदतीची गरज आहे असे दिसल्यास तिची स्वतंत्र पाहणी करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे, आणि यजमानांचा पगार किती हा प्रश्न त्या पाहणीच्या आड येत नाही. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे 50 लाख लोकांनी आपण विनामोबदला कुणाची तरी शुश्रूषा करतो असे नोंदवले होते. ‘घरचेच तर करते, त्यात सरकारला काय सांगायचे’ असे म्हणून आपल्याकडच्या अनेक सुना त्या वाटेला जात नाहीत. हा संकोच सोडावा. भेटीच्या वेळी दोन गोष्टी स्पष्टपणे मागाव्यात: शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांसाठी पर्यायी शुश्रूषा, आणि लेखी आपत्कालीन आराखडा. अनेक कौन्सिलांकडे काळजीवाहूंसाठी आपत्कालीन कार्डाची योजना असते. पर्समधल्या त्या कार्डावरच्या क्रमांकावर कुणीही फोन केला की नोंदवलेल्या आराखड्याप्रमाणे हालचाल सुरू होते. तुमच्याकडे अशी योजना नसेल, तर कार्यालयीन वेळेबाहेर चालणाऱ्या आपत्कालीन पथकाचा क्रमांक तरी घ्यावा. स्वतःच्या जीपीकडेही (नेहमीच्या डॉक्टरांकडे) ‘केअरर’, म्हणजे काळजीवाहू, म्हणून नोंद करावी.

आता आराखड्याचा कागद. हा कागद डॉक्टरांसाठी नसून, कधीही तुमच्या स्वयंपाकघरात न वावरलेल्या माणसासाठी आहे असे समजून तो लिहावा. ‘सकाळी गोळ्या’ एवढे पुरत नाही. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर पाण्याबरोबर द्यायची आणि चहा अर्ध्या तासाने, चहा बशीत ओतून दिला तरच त्या पितात, आंघोळीला नकार दिला तर वाद न घालता देवपूजेची वेळ झाली असे सांगायचे, संध्याकाळी त्या ‘घरी जायचंय’ म्हणून दाराशी जातात तेव्हा खिडकीजवळ बसवून भाजी निवडायला द्यायची: असे बारकावे त्यात हवेत. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा आधी सुटत जाते असे पुष्कळदा दिसते, म्हणून तहान, दुखणे आणि शौचासाठी त्या जे मराठी शब्द वापरतात ते रोमन लिपीत, अर्थासह लिहून ठेवावेत. औषधांची यादी जीपीकडच्या ताज्या चिठ्ठीवरूनच उतरवावी, आठवणीतून नव्हे. यजमानांना एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) ॲपवर आईच्या वतीने व्यवहार करण्याची परवानगीही जीपीकडून मिळवून ठेवता येते.

या कागदाची एक प्रत फ्रिजमध्ये ठेवावी. लायन्स क्लबतर्फे मिळणारी छोटी बाटली याच कामासाठी असते: माहिती बाटलीत, बाटली फ्रिजच्या दारात आणि घराच्या दारामागे हिरव्या क्रॉसचा स्टिकर, म्हणजे रुग्णवाहिकेच्या लोकांना कुठे पाहायचे ते कळते. सासूबाई घराबाहेर पडण्याचा धोका असल्याने ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’चा फॉर्मही भरून ठेवावा. त्यात फोटो, वर्णन आणि नेहमीच्या जागा आधीच लिहिलेल्या असल्यामुळे शोधाच्या वेळी पोलिसांचा वेळ वाचतो.

मदतनीस म्हणून किमान दोन नावे हवीत, आणि दोघांनीही स्पष्ट होकार दिलेला हवा. ‘मंडळातली माणसे येतीलच’ हा आराखडा नव्हे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, तिथल्या ओळखींतून मराठी बोलणारे एखादे निवृत्त जोडपे मिळू शकेल, परंतु त्यांना घरी बोलावून, किल्ली देऊन, सासूबाईंशी ओळख करून द्यायला हवी. मुलाचे नाव मात्र या यादीत घालू नये. त्याने फोन कुणाला करायचा एवढेच त्याला ठाऊक असावे.

पुण्याहून नणंद येईल यावर विसंबत असाल, तर तिचा व्हिसा आताच पाहावा. भेटीच्या व्हिसाचा निर्णय साधारणपणे 3 आठवड्यांत होतो, म्हणजे ऐनवेळी त्याचा उपयोग नाही. 2, 5 किंवा 10 वर्षांचा व्हिसा आधीच काढून ठेवता येतो, मात्र दर खेपेचा मुक्काम सहसा 6 महिन्यांपर्यंतच. यजमानांसाठी एप्रिल 2024 पासून वर्षाला एका आठवड्याची बिनपगारी काळजीवाहू रजा हा नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा हक्क आहे. शस्त्रक्रियेच्या आठवड्यात ती त्यांनी घ्यावी, अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

कागदपत्रांत सर्वांत तातडीचे ‘लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी’ आहे, म्हणजे आपल्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारे इथले मुखत्यारपत्र. मुलगा किंवा सून असल्यामुळे निर्णयाचा कायदेशीर अधिकार इथे आपोआप मिळत नाही. आरोग्यासाठी आणि पैशांसाठी दोन वेगळे दस्तऐवज लागतात, आणि सासूबाईंना त्याचा अर्थ समजतो आहे तोवरच ते करता येतात. ती वेळ टळली की कोर्ट ऑफ प्रोटेक्शन या न्यायालयाचा लांबचा व महागडा मार्ग उरतो. त्यांचा पुण्यातला फ्लॅट तुम्ही भारतातील मुखत्यारपत्रावर सांभाळत असाल, तर भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार, ते देणारी व्यक्ती मनाने अक्षम झाल्यास तो अधिकार संपुष्टात येतो. त्याबाबत तिथल्या वकिलाला वेगळे विचारावे.

अटेंडन्स अलाउन्स (काळजीची गरज असलेल्या वृद्धांसाठीचा सरकारी भत्ता) आणि केअरर्स अलाउन्स (काळजीवाहूचा भत्ता) यांसाठी अर्ज करण्यापूर्वी सासूबाईंचा आणि तुमचाही व्हिसा तपासावा. व्हिसावर ‘सार्वजनिक निधी नाही’, म्हणजे असे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, अशी अट असताना हे भत्ते घेतल्यास पुढे इमिग्रेशनमध्ये अडचण येऊ शकते. केअरर्स असेसमेंट त्या निधीत मोडत नाही, त्यामुळे ती मागायला हरकत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या एखाद्या शनिवारी सकाळी हा कागद मदतनिसांच्या हाती देऊन तुम्ही संध्याकाळपर्यंत घराबाहेर राहावे आणि त्यांनी फोन करून जे जे विचारले ते परतल्यावर कागदात भरावे. औषध बदलले की फ्रिजमधली, कौन्सिलकडची आणि मदतनिसांकडची अशा सर्व प्रती त्याच दिवशी बदलाव्यात.