नदीतले मासे: बोटुकली सोडण्याआधी

प्रश्न (भोर): गणेश मंडळाचा खर्च वाचवून आम्हाला नीरा नदीत महाशीरचं बीज सोडायचं आहे. ते कुठे मिळेल आणि किती सोडावं?

उत्तर: सोडू नका, असंच मी सांगेन. महाशीर आपल्याच नद्यांचा मासा. साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे तो रोडावत गेला. तेव्हा १९७०च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण इथे त्याची पैदास सुरू केली. हे काम खरोखर मोठं होतं. तिथली बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्लं, देशभर गेली, आणि कावेरीतही गेली.

कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला कुबड असलेला, ५० किलोंच्या पुढे वाढणारा. तिथे गळाने मासे धरणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. आपल्याकडून गेलेला निळ्या परांचा महाशीर वाढत गेला होता आणि कुबडवाला दिसेनासा होत चालला होता. २०१८ मध्ये कुबडवाल्याची नेमकी ओळख पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच्यावर धरणांची, वाळूउपशाची आणि चोरट्या मासेमारीची संकटं होतीच. चांगल्या हेतूने सोडलेल्या माशांनी त्यांत आणखी एकाची भर घातली.

नीरा कृष्णेच्या खोऱ्यातली, म्हणजे महाशीर तिथे परका नाही, हे खरं. पण मोजक्या नर-माद्यांपासून तयार झालेलं बीज नदीतल्या उरलेल्या माशांत मिसळलं, तर मूळ वाण पातळ होतो. शिवाय मासे ज्या कारणाने गेले ते कारण तसंच असेल, तर तुमची बोटुकलीही त्याच वाटेने जाणार. तोच पैसा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला हाताशी धरून नदी पाहण्यात घाला. उन्हाळ्यात पाणी टिकवणारे डोह किती उरले, गोटे-वाळूचे उथळ पट्टे कुठे आहेत, वाळू कुठून उपसली जाते, याची नोंद करा. महाशीर वाहत्या, स्वच्छ पाण्यात गोट्यांवर अंडी घालतो. तो पट्टा वाचला तर बीज नदी स्वतः तयार करते.

प्रश्न (ठाणे): घरच्या टाकीतला सकर मासा फार मोठा झालाय. खाडीत किंवा नदीत सोडला तर चालेल?

उत्तर: मुळीच नाही. दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेला कुणी शोधा. बाहेरचा मासा आपल्या पाण्यात आला की काय होतं, ते चिलापीवरून (तिलापिया) कळतं. ती १९५२ साली देशात आणली गेली. आज उजनी धरणातल्या जाळ्यांत किती चिलापी येते, ते भिगवणच्या बाजारात जाऊन पाहा.

प्रश्न (मुरबाड): वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे मासे आम्ही पिढ्यानपिढ्या धरतो. आता ते चूक म्हणतात. आमचा सणच बंद करायचा का?

उत्तर: सण बंद करा असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसाने ओढे भरले की मासे पोटात गाबोळी घेऊन वर चढतात, भातखाचरांत आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. पाणी ओसरताना पिल्लं खाली उतरतात. वर्षभराचं नदीतलं पीक या काही दिवसांत ठरतं. पूर्वी हाताने, एखाद्या पागाने (फेकायच्या जाळ्याने) धरायचे, त्यातून पुष्कळ मासे निसटायचे. आता ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचं नायलॉनचं जाळं लागतं आणि काहीच वर जात नाही. खरा घात तिथे होतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिली चढण पूर्ण सोडून द्या, नंतरही निम्मा ओढा मोकळा ठेवा आणि पोट फुगलेली मादी पाण्यात परत टाका.

कोल्हापुरी बंधारा असेल तर आणखी एक करा. पावसाआधी त्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) निघाले आहेत ना, हे जाऊन पाहा. अडकून राहिलेला एक बंधाराही चढणारा मासा थांबवतो. गावात याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न (महाड): वाळण कोंडीतल्या (नदीच्या डोहातल्या) देवाच्या माशांना कुरमुरे, पाव घालावे का?

उत्तर: पाव नको. मूठभर कुरमुरे वाहत्या पाण्यात चालून जातील. पण एप्रिल-मेमध्ये पाणी थांबलेलं असताना उरलेलं खाणं कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. काळ नदीवरच्या या कोंडीत वरदायिनीच्या श्रद्धेने मासे राखले गेले, हे कायद्याला जमलं नाही असं काम आहे. मात्र कोंडीतल्या पाण्याचं भवितव्य वरच्या अंगाला ठरतं. तिकडून सांडपाणी आलं तर श्रद्धेची हद्द त्याला अडवत नाही. देहूजवळ इंद्रायणीत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

प्रश्न (आजरा): वरच्या डोहात रात्री ब्लीचिंग पावडर टाकून आणि बॅटरीचा शॉक देऊन मासे मारतात. तक्रार कुठे करायची?

उत्तर: विष किंवा स्फोटकं वापरून मासे मारणं १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. जागा, वेळ आणि मेलेल्या माशांचे फोटो जोडा. ब्लीचिंगने अंडी, पिल्लं, खेकडे आणि पाणकिडेही मरतात, म्हणून तो डोह पुढे बराच काळ रिकामा राहतो. रात्री एकट्याने अडवायला जाऊ नका. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या नोंदवहीत त्या डोहाची नोंद करून घ्या आणि तिथे मासेमारी बंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा. भोई समाजातल्या मासेमारांना त्या बैठकीला आधी बोलवा. डोहाची खोली आणि माशांच्या वेळा त्यांच्याइतक्या कुणालाच ठाऊक नसतात.